आंबवलेले सोयाबीन आणि रजोनिवृत्ती

शिजवलेल्या सोयाबीनवर जिवाणू किंवा बुरशी वाढवून केलेले खाद्यपदार्थ. जपानमधील नात्तो व मिसो आणि जावा बेटावरील टेंपे हे त्यांपैकी प्रसिद्ध. भारतात ही परंपरा पूर्व हिमालयात व ईशान्येकडे आहे : सिक्कीम-दार्जिलिंगचा किनेमा, मणिपूरचे हवाईजार, नागालँडची अखुनी. यांतील आयसोफ्लेवोन या वनस्पतिज इस्ट्रोजेनांमुळे रजोनिवृत्तीच्या काळातील त्रास कमी होतो का, याचा बराच अभ्यास झाला आहे.

किनेमासाठी रात्रभर भिजवलेले दाणे मऊ शिजवून उखळात जरासे ठेचतात, त्यात थोडी चुलीतील राख मिसळतात, नेच्याची पाने अंथरलेल्या टोपलीत भरतात आणि वर गोणपाट टाकून चुलीजवळ उबेला ठेवतात. एक ते तीन दिवसांत दाण्यांना तार सुटते व अमोनियाचा उग्र दर्प येऊ लागतो. हे काम बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे. नात्तोही त्याच्याच एका प्रकाराने आंबतो. टेंपे रायझोपस बुरशीने, तर मिसो ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीच्या साहाय्याने तयार होतो.

सोयाबीनमधील जेनिस्टीन व डायडझीन हे आयसोफ्लेवोन बहुतांशी ग्लुकोजच्या रेणूला जोडलेले असतात. आंबताना बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर तो जोड तोडते. सुटे झालेले आयसोफ्लेवोन आतड्यातून लवकर शोषले जातात. आंबवल्याने त्यांचे प्रमाण वाढते, असा समज आहे. तो बरोबर नाही. बदलते ते रूप. शिवाय न आंबवलेल्या सोयाबीनमधील हाच जोड आतड्यातही तुटतो, त्यामुळे आंबवण्याचा फायदा वाटतो त्यापेक्षा मर्यादित आहे.

आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, विशेषतः बीटा ग्राहीला, चिकटतात. मात्र शरीरातील इस्ट्राडायोलच्या तुलनेत त्यांचा प्रभाव फारच क्षीण असतो. खरा फरक पडतो तो खाणारीच्या आतड्यात. तेथील काही जिवाणू डायडझीनपासून इक्वॉल हे अधिक प्रभावी संयुग बनवतात. ते 1932 मध्ये प्रथम गाभण घोडीच्या मूत्रात सापडले. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940 च्या दशकात क्लोव्हर गवत चरणाऱ्या मेंढ्यांना वंध्यत्व आले, त्यामागेही इक्वॉलच होते. जपानमध्ये साधारण निम्म्या प्रौढांच्या शरीरात ते तयार होते, पाश्चात्त्य देशांत सुमारे पाव ते एक तृतीयांश लोकांच्या. एकाच प्रयोगातील दोन स्त्रियांना वेगवेगळा अनुभव का येतो, याचा काही उलगडा यातून होतो.

अंगातून गरम वाफा निघणे, घाम फुटणे या तक्रारींवरील चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. काहींत वाफांची संख्या मध्यम प्रमाणात घटलेली दिसते, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बहुतेक चाचण्या आयसोफ्लेवोनच्या गोळ्यांच्या आहेत, नात्तो-टेंपेच्या नाहीत. म्हणून त्यांचे निष्कर्ष ताटातल्या पदार्थाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. हे पदार्थ संप्रेरकोपचाराला पर्याय ठरत नाहीत.

महाराष्ट्रात सोयाबीन मुबलक पिकते, परंतु ते मुख्यतः तेल व पेंडीसाठी जाते. स्वयंपाकघरात येणारी सोयावडी आंबवलेली नसते. इडली-ढोकळ्याचे पीठ आंबते, पण उडीद-हरभऱ्यात आयसोफ्लेवोन नगण्य असतात.

नात्तोत के2 जीवनसत्त्व भरपूर असल्याने वॉरफरिन हे रक्त गोठण्यास विरोध करणारे औषध घेणाऱ्यांना तो वर्ज्य असतो. मिसोत मीठ फार असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी आयसोफ्लेवोनच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.