रक्तातील लगाम: प्रोटीन सी मोजण्याची गोष्ट (थ्रेड)

साल १९७६, स्वीडनमधील माल्मो शहर. योहान स्टेनफ्लो हे संशोधक गुरांच्या रक्तद्रवातील प्रथिने एकमेकांपासून विलग करीत होते. रक्त गोठण्याच्या क्रियेत 'के' जीवनसत्त्व नेमके काय करते, याचा उलगडा त्यांनी सहकाऱ्यांसह दोनच वर्षांपूर्वी केला होता. आता त्याच कुळातील अन्य प्रथिनांचा शोध चालू होता. पृथक्करणाच्या नळीतून तिसऱ्या क्रमांकाला जे प्रथिन बाहेर आले, त्याला त्यांनी 'प्रोटीन सी' म्हटले. ए, बी, सी यांतला सी. नावामागे याहून गहन अर्थ नाही.

गंमत अशी की हे प्रथिन आधीच एकदा सापडून गेले होते. अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये वॉल्टर सीगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्येच रक्त गोठणे मंदावणाऱ्या एका द्रव्याची नोंद केली होती आणि त्याला 'ऑटोप्रोथ्रॉम्बिन २-ए' असे जडशीळ नाव दिले होते. रक्त गोठवणारे घटक प्रोथ्रॉम्बिनपासूनच निर्माण होतात, हा सीगर्स यांचा आग्रह पुढे मागे पडला आणि त्यासोबत ही नोंदही झाकोळली. दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे १९७६ मध्ये स्पष्ट झाले.

तरीही एक कोडे उरलेच. प्रोटीन सी रक्तात निद्रिस्त असते. त्याला जागे करते थ्रॉम्बिन, म्हणजे गुठळी बांधणारे तेच विकर! पण परीक्षानळीत ही क्रिया इतकी मंद होती की जिवंत शरीरात तिचा काही उपयोग असेल, असे वाटेना. १९८१ मध्ये चार्ल्स एस्मन आणि व्हाइट ओवेन यांनी थ्रॉम्बिन व प्रोटीन सी सशाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून वाहू दिले, आणि क्रियेचा वेग हजारो पटींनी वाढला. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच थ्रॉम्बिनला वेसण घालणारे एक प्रथिन होते. त्यालाच पुढे थ्रॉम्बोमोड्युलिन हे नाव मिळाले. म्हणजे गुठळी बांधणाराच, निरोगी भिंतीला टेकताच, गुठळी आवरणारा होतो. त्याच वर्षी जॉन ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातील बाधित व्यक्तींच्या रक्तात प्रोटीन सी निम्म्याच्या आसपास होते आणि शिरांत पुन्हा पुन्हा गुठळ्या होत होत्या. लगाम अर्धा सैल झाला तरी केवढा अनर्थ होतो, हे आता उघड झाले.

परंतु प्रथिन किती आहे हे मोजणे वेगळे आणि त्यातले किती जागे आहे हे मोजणे वेगळे. प्रोटीन सी दर मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ४ मायक्रोग्रॅम असते. जागृत रूप त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि तेही विसेक मिनिटांत निम्मे होते. शिवाय सुई टोचून रक्त बाहेर काढले की नळीतही प्रक्रिया चालूच राहतात. मोजायला जावे, तर मोजायची वस्तूच बदलते.

१९८४ मध्ये केनेथ बाउअर आणि सहकाऱ्यांनी यातून आडवाट काढली. प्रोटीन सी जागे होताना त्याचा एक छोटा तुकडा, अवघ्या १२ अमिनो आम्लांचा, तुटून पडतो. त्यांनी हा तुकडाच किरणोत्सारी पद्धतीने मोजला. चोर दिसला नाही तरी त्याचे पाऊल मोजता येते, अशातलाच हा प्रकार.

चोर प्रत्यक्ष दिसला तो १९९२ मध्ये. आंद्रास ग्रुबर आणि ग्रिफिन यांनी रक्त काढतानाच त्यात बेन्झामिडीन मिसळले. हे द्रव्य विकराला तात्पुरते जखडते, कायमचे नव्हे. मग प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रोटीन सी पकडायचे, बेन्झामिडीन धुऊन काढायचे आणि रंग देणारे द्रव्य घालून वाट पाहायची. मात्रा इतकी क्षुद्र की रंग उमटायला प्रदीर्घ काळ लागे. निकाल आला: धडधाकट माणसांच्या रक्तातही जागृत प्रोटीन सी असतेच, दर मिलिलिटरमागे सुमारे २ नॅनोग्रॅम. लगाम संकटकाळापुरता नसतो. तो सदैव हलका ताणलेला असतो.

दरम्यान, माल्मोतच ब्यॉर्न डालबेक यांनी प्रश्न उलटा केला. जागृत प्रोटीन सी बाहेरून घातले तर रक्तद्रव त्याला दाद देते का? निरोगी रक्तद्रवाला गोठायला अधिक वेळ लागे. वारंवार गुठळ्या होणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तद्रवावर मात्र जवळजवळ काहीच परिणाम होईना. त्याच्या कुटुंबातही तेच आढळले. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध करताना, या माणसांत एखादा अज्ञात साहाय्यक घटक कमी असावा, असा डालबेक यांचा तर्क होता. पण तो घटक अज्ञात नव्हताच. तो जुनाच, पाचवा घटक निघाला. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे रोखियर बर्टिना यांच्या चमूने कारण दाखवले: पाचव्या घटकातील ५०६व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. जिथे प्रोटीन सीची कात्री चालायची, तीच जागा बदललेली. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत हा बदल आढळतो. 'घटक पाच लायडन' हे त्याचे नाव त्या शहरावरून पडले. माल्मोचे नाव मात्र त्यात कुठेच नाही.