वेठ मोडली तो दिवस

अमेरिकेत १९ जून हा गुलामगिरी संपल्याचा सण म्हणून पाळतात. २०२१ पासून ती तेथील राष्ट्रीय सुट्टी आहे. वास्तविक लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. पण टेक्सासमधील गॅल्व्हस्टन गावी सैन्य जाऊन तो वाचला जाण्यास १८६५ चा जून उजाडला. हुकूम निघाल्याचा दिवस न धरता तो दारी पोचल्याचा दिवस लोकांनी सणाचा मानला, हे मला फार योग्य वाटते.

भगिनींनो, जुन्या ठाणे जिल्ह्यालाही असा एक दिवस आहे. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता आपल्याकडे १८४३ च्या कायद्यानेच गेली होती. तरी त्यानंतर शंभर वर्षे उंबरगाव-डहाणूकडचा वारली जमीनदाराकडे फुकट राबत होता. लग्नासाठी काढलेल्या थोड्या कर्जापायी तो 'लग्नगडी' होई. कर्ज नवऱ्याचे, पण वेठीला बायकोही बांधली जाई. मालकाघरचे काम तर तिने उपसायचेच. शिवाय तिच्या अब्रूवरही मालक आपला हक्क समजे.

ही गाठ सुटण्याची सुरुवात आपल्या शेजारी टिटवाळ्यास झाली. चतुर्थीला आपण जातो तेच टिटवाळे! जानेवारी १९४५ मध्ये तेथे किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारलीही आले होते. त्यानंतर गोदावरीबाई व शामराव परुळेकर त्यांच्या मुलखात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोजाखेरीज कामावर जायचे नाही, असे ठरले. आणि लग्नगडी बायकामुलांसह मालकांची घरे सोडून निघाले. त्याची किंमतही पडली. ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व आणखी चौघे ठार झाले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' मंडळाच्या कपाटात असावे, अशी माझी सूचना आहे.

वेठबिगारी बंद करणारा कायदा पुढे १९७६ साली झाला. पण पावसाळ्यात चूल पेटेनाशी झाली की कातकरी कुटुंबे आजही बयाणा घेतात आणि दिवाळीनंतर तो फेडायला वीटभट्टीवर जातात. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या इमारतींकडे पाहताना हे ध्यानी येत नाही. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे, नवराबायकोची मिळून धरतात. वहीत नाव बहुधा त्याचेच. पावसाच्या तोंडावर भट्ट्या थंड होतात, तेव्हा हा हिशेब होतो. झरीच्या सभेची तारीखही त्याच दिवसांत येते.