दोष कागदाचा नव्हे

हातात कागद न धरता बोलतो तोच खरा संसदपटू, अशी समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. सदस्याने खाली पाहिले की त्याचा अभ्यास उसना ठरतो. या समजुतीला ब्रिटिश संसदेचा आधार दिला जातो. तो आधीच तपासलेला बरा.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये भाषण वाचून दाखवू नये असा संकेत आहे, पण टिपणे पाहायला हरकत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३६ मध्ये तर ठरावच केला, की भाषण वाचणे सभागृहाच्या रिवाजात बसत नाही आणि त्याने चर्चेची हानी होते. आक्षेपाचे मूळ आहे ते या हानीत. आधीचा वक्ता काय बोलला याची दखल न घेता घरून आणलेला मजकूर उरकणे हा दोषच आहे. पण घरून पाठ करून आणलेले भाषणही तितकेच बहिरे असते. मग पाठांतराला टाळ्या आणि कागद दिसताच नाक मुरडणे, हा कुठला न्याय?

चर्चिल आरंभी भाषणे पाठ करून येत. २२ एप्रिल १९०४ रोजी कॉमन्समध्ये कामगार संघटनांच्या प्रश्नावर बोलताना, भाषण संपत आले असता, त्यांचा धागा तुटला. पुढचे शब्द काही केल्या आठवेनात. सभागृहाचे आभार मानून ते खाली बसले. त्यानंतर ते भरगच्च टिपणे जवळ बाळगू लागले. १९४० ची त्यांची गाजलेली भाषणे, कवितेसारख्या ओळी पाडून टंकलिखित केलेली पाने हाती घेऊन झाली.

आकड्यांचा विषय असेल तर कागद टाळणे हा हट्टच म्हणायचा. १९०२ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना, सरकारी शिल्लक ही भरभराटीची खूण नसून चढ्या करांची आणि रुपयाच्या बदललेल्या विनिमय दराची करणी आहे, हे दाखवले. त्यांच्या अशा मांडणीमागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांची आकडेमोड असे. ते काम आठवणीवर सोपवण्याचे नव्हते.

आणि आंबेडकर. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांचे नाव अनपेक्षितपणे पुकारले गेले. ते तयारीशिवाय उभे राहिले आणि उत्तम बोलले. २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण मात्र पुरत्या तयारीचे होते: संविधान सभेच्या कामाचे दिवस मोजलेले, इतर देशांच्या संविधानांना लागलेल्या काळाशी तुलना, जेफर्सन आणि मिल यांची अवतरणे. तरीही मसुदा समितीवरच्या एकेका टीकेला त्यात उत्तर आहे. तयारीने चर्चा मरते म्हणणाऱ्यांनी हे भाषण पुन्हा वाचावे.

म्हणून अध्यक्षांनी सदस्याचे हात पाहू नयेत. मध्येच कोणी शंका काढली तर तो थांबून उत्तर देतो का, एवढे पाहावे. जिच्या घरात कधी कोणी भाषण केले नाही, अशी पहिल्यांदा निवडून आलेली सदस्य गावच्या पाण्याचे आकडे चिठ्ठीवर लिहून आणत असेल, तर तिला ती चिठ्ठी हक्काने पाहता आली पाहिजे.