दाहनचिकित्सा आणि पक्षाघात : हृद्‌वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण

ज्या विकारामुळे पक्षाघाताचे भय उत्पन्न होते, त्याच विकारावरील उपचारातही पक्षाघाताचे बीज असावे, हा अर्वाचीन वैद्यकातील एक विचारार्ह विरोध होय. हृदयाचा ताल बिघडविणारा ऊतींचा सूक्ष्म भाग नळीवाटे उष्णतेने अथवा अतिशीततेने निकामी करणे, या उपचारास अ‍ॅब्लेशन अथवा दाहनचिकित्सा म्हणतात. तिच्यातून उद्भवणारा पक्षाघात आज विरळ मानला जातो. परंतु ही विरळता मुळातली नसून क्रमाने संपादन केलेली आहे. ती कशी साधली, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

रक्ताची गुठळी एका ठिकाणी तयार होऊन प्रवाहाबरोबर दूरच्या वाहिनीत जाऊन अडकते, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिर्शो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. १९०९ मध्ये लंडन येथे टॉमस लुइस याने आणि व्हिएन्ना येथे रोटबर्गर व विंटरबर्ग यांनी नाडीच्या कायम अनियमिततेचा संबंध अलिंदकंपाशी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या विस्कळीत थरथरीशी, जोडला. अशा थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यातील पिशवीत रक्त साकळते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी चाललेल्या दीर्घकालीन पाहणीतून १९७८ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, अलिंदकंपाच्या रुग्णांत पक्षाघाताचे प्रमाण पाचपटींहून अधिक असते, आणि संधिज्वराने हृदय बिघडलेले असल्यास ते सुमारे सतरापट होते.

हृदयात नळी नेण्याचा मार्ग १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्या देहावर प्रयोग करून खुला केला. तथापि नळीचा उपयोग दाहनचिकित्सेसाठी होण्यास अर्धशतक लोटावे लागले. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मेल्विन शाइनमन याने नळीवाटे विद्युत्‌धक्का देऊन अलिंद व निलय यांमधील विद्युन्मार्ग तोडला. पुढे धक्क्याची जागा अधिक नियंत्रणक्षम अशा रेडिओलहरींच्या उष्णतेने घेतली. हे प्रारंभीचे काम बव्हंशी हृदयाच्या उजव्या बाजूस चाले. उजव्या बाजूस सुटलेली गुठळी सामान्यतः फुप्फुसाकडे जाते. डाव्या बाजूस सुटलेली मेंदूकडे जाऊ शकते. या एका भेदावर पुढील सारा इतिहास आधारलेला आहे.

कारण १९९८ मध्ये उपचाराचे क्षेत्रच डावीकडे सरकले. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आइसागेर व त्याचे सहकारी यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत अलिंदकंप सुरू करणारी ६९ केंद्रे आढळली आणि त्यांपैकी ९४ टक्के फुप्फुसनीलांत होती. या नीला डाव्या अलिंदात उघडतात. तेथे पोहोचण्यासाठी दोन अलिंदांमधील पडदा सुईने भेदावा लागतो. ही युक्ती १९५९ पासून ज्ञात होती. परंतु आता ती जगभर नित्याची झाली.

डाव्या अलिंदात पक्षाघाताची कारणे अनेक असतात. नळीच्या परक्या पृष्ठभागावर रक्त साकळते. तापलेल्या टोकाशी ते करपून त्याचा कण सुटतो. नळीतून हवेचा बुडबुडा शिरतो. पूर्वीची गुठळी धक्क्याने हलते. आणि उपचारानंतरही भाजलेल्या पृष्ठभागावर काही काळ नवी गुठळी धरू शकते. प्रत्येक कारणावर स्वतंत्र उपाय योजावा लागला. उपचारापूर्वी अन्ननलिकेतून प्रतिध्वनिचित्रण करून गुठळी शोधणे, क्षारजलाने नळीचे टोक थंड राखणे, हेपॅरिनचा प्रभाव वारंवार मोजणे आणि नंतर किमान दोन महिने रक्त पातळ ठेवणे, हे ते उपाय होत.

त्यांचे फळ गणनेत दिसते. कापाटो व सहकारी यांनी केलेल्या जागतिक पाहणीत १९९५ ते २००२ या काळातील ८,७४५ रुग्णांत पक्षाघाताचे प्रमाण ०.२८ टक्के, तर २००३ ते २००६ या काळातील १६,३०९ रुग्णांत ०.२३ टक्के आढळले. परंतु ही माहिती रुग्णालयांनी स्वेच्छेने कळविलेली होती. शिवाय गणना होते ती दिसणाऱ्या आघाताची. २०१० मध्ये इटलीतील गाइता व सहकारी यांनी २३२ रुग्णांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण केले, तेव्हा पक्षाघात एकालाच झाला असला, तरी १४ टक्के रुग्णांत कोणतेही लक्षण नसलेले ताजे व्रण आढळले. या मूक व्रणांचा बुद्धीवर दीर्घकालीन परिणाम कितपत होतो, हा प्रश्न अद्याप निर्णायकपणे सुटलेला नाही.

सर्वांत बोधप्रद घटना एका रूढ नियमाच्या उलथापालथीची आहे. रक्तस्रावाच्या भयाने उपचारापूर्वी वॉरफरिन बंद करण्याची प्रथा होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५८४ रुग्णांच्या तुलनेत, औषध थांबविलेल्या गटात पक्षाघात ३.७ टक्के, तर ते चालू ठेवलेल्या गटात अवघा ०.२५ टक्के झाला. चालू ठेवलेल्यांत किरकोळ रक्तस्रावही कमीच आढळला. सावधगिरी म्हणून पाळला जाणारा नियमच येथे अपायास कारण होत होता.

नवे साधन आले की हा धडा नव्याने गिरवावा लागतो. उष्णतेऐवजी विद्युत्‌क्षेत्राच्या अतिलघू स्पंदांनी पेशी नष्ट करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत तिच्यातील पक्षाघाताचे प्रमाण ०.१२ टक्के आढळले. तरीही २०२५ च्या जानेवारीत या पद्धतीच्या एका नळीचा अमेरिकेतील वापर, मेंदूवरील आघाताच्या घटनांमुळे, काही काळ थांबवावा लागला.

दाहनाने ताल सुधारला म्हणजे पक्षाघाताचे भय संपले, असेही मानता येत नाही. २०१९ च्या २,२०४ रुग्णांच्या ‘कबाना’ चाचणीत मृत्यू, दुर्बल करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव व हृदयक्रिया थांबणे यांची बेरीज दाहनगटात ८.० टक्के, तर औषधगटात ९.२ टक्के होती. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता. म्हणून ज्या रुग्णास मुळातच पक्षाघाताचा धोका अधिक, त्यास यशस्वी उपचारानंतरही रक्त पातळ करणारे औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, ‘विरळ’ हे विशेषण उपचारास लावले जात असले, तरी ते वस्तुतः त्याभोवतीच्या दक्षतेचे वर्णन आहे. हजारांत दोन-तीन हे प्रमाण वैद्यास अल्प वाटते. परंतु ज्याची वाचा वा हात गेला, त्याच्या दृष्टीने ते पूर्ण असते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णास हा आकडा आणि त्यामागील अटी, दोन्ही समजणे अगत्याचे आहे.