बेस गिटार व तिचे विवर्धक

पाश्चात्त्य जाझ, रॉक, सोल इ. संगीतप्रकारांत खर्जाची साथ करणारे विद्युत् तंतुवाद्य. यास सामान्यतः चार तारा असून त्या ‘डबल बेस’ या उभ्या वाद्याप्रमाणेच ई, ए, डी, जी या स्वरांत, म्हणजे परस्परांपासून षड्ज–मध्यम अंतराने, लावतात. सर्वांत जाड तारेची कंप्रता दर सेकंदास सु. ४१ असते, साध्या गिटारीच्या जाड तारेच्या ती बरोबर निम्मी होय. वाद्याचे धड बहुधा भरीव लाकडाचे असल्याने तारांच्या कंपनांना पोकळ पेटीच्या अनुनादाचे साहाय्य मिळत नाही. तारांखालील चुंबकीय पिकअप ही कंपने विद्युत् संदेशाच्या रूपाने टिपतो, विवर्धक त्या संदेशाची शक्ती वाढवितो आणि स्पीकर त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करतो. वादक ज्याला नुसते ‘ॲम्प’ म्हणतात, तो विवर्धक म्हणजे वस्तुतः वाद्याचाच उत्तरार्ध होय. वाद्यविषयक ग्रंथांत मात्र गिटारींची वर्णने सविस्तर व विवर्धकांचा उल्लेख ओझरता, असे पुष्कळदा आढळते. या वाद्याचा विकास ज्या अडचणीतून झाला, ती अडचण त्यामुळे दृष्टीआड होते.

ही अडचण भौतिकीय आहे. मानवी कान मंद्र स्वरांच्या बाबतीत मध्यम पट्टीच्या स्वरांइतका संवेदनशील नाही. हार्वी फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांवरून हे स्पष्ट झाले. शिवाय स्वर एका सप्तकाने खाली आला की तितक्याच तीव्रतेचा ध्वनी निर्माण करण्यास स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. चार तारांपैकी सर्वांत खालच्या स्वराची हवेतील तरंगलांबी सु. ८ मी. भरते. याचा अर्थ असा की, खर्ज मोठ्याने ऐकवावयाचा तर भरपूर शक्ती, मोठे स्पीकर व अवजड पेटी यांची गरज लागते. आणि वादकाला तर ती पेटी उचलून जिना चढावयाचा असतो. वादकांमध्ये वाद्य, तारा, विवर्धक व स्पीकर यांच्या निवडीवरून जे वाद अखंड चालू असतात, ते केवळ हौसेपोटी नसून या विसंगतीच्या निरनिराळ्या उत्तरांवरून झालेले आहेत. एक गोष्ट वादकांच्या पथ्यावर पडते. मूळ स्वर क्षीण असला, तरी त्याचे संनादी स्वर स्पष्ट ऐकू आल्यास कान मूळ स्वराची उणीव आपोआप भरून काढतो. कित्येक नामांकित विवर्धकांची कीर्ती कानाच्या या औदार्यावर उभी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नृत्यवृंदांमध्ये खर्जाची बाजू डबल बेस सांभाळीत असे. पितळी वाद्ये व तालवाद्ये यांच्या गजरात त्याचा आवाज लोपून जाई. गिटारवादकांना विद्युत् विवर्धनाचा लाभ १९३० नंतर मिळू लागल्यावर तर बेसवादकाची स्थिती अधिकच बिकट झाली. सीॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ हे आडवे धरून वाजविण्याचे, पडदे असलेले व भरीव धडाचे विद्युत् बेस-वाद्य तयार केले व त्याच्या जोडीला विवर्धकही विक्रीस ठेवला. आजच्या बेस गिटारीची जवळजवळ सर्व लक्षणे त्यात होती. तथापि त्याचा प्रसार झाला नाही. एव्हरेट हल या डबल बेसवादकाने निराळा मार्ग अवलंबिला. वाद्य ज्या खुंटीवर टेकते तिच्यातून ध्वनिग्राहक पेटीच्या आत बसविण्याची युक्ती त्याने १९४६ मध्ये काढली. खुंटीसाठी असलेल्या ‘पेग’ या इंग्रजी शब्दावरूनच त्याच्या व्यवसायाला ‘अँपेग’ हे नाव पडले. जुने वाद्य न सोडता ते ऐकू येईल असे करणे, हा हलचा उद्देश होता.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर (१९०९–९१) याने जुने वाद्यच बाजूस सारले. तो स्वतः वादक नव्हता. रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून तो वाद्यनिर्मितीकडे वळला होता. त्याचा ‘प्रिसिजन बेस’ १९५१ च्या अखेरीस बाजारात आला. त्याची दांडी मेपलची व धड अ‍ॅश लाकडाचे होते. तारेची कंप पावणारी लांबी ८६.४ सेंमी. (३४ इंच) ठेवली होती. डबल बेसवर ती सु. १०५ सेंमी. असते. दांडीवर २० पडदे होते. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. गिटारवादकालाही थोड्या सरावाने बेस वाजवून अधिक काम मिळविता यावे, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता. डबल बेस वाजविणाऱ्यांना तो अर्थातच रुचला नाही. ‘डाउन बीट’ या जाझविषयक नियतकालिकात १९५२ मध्ये समीक्षक लेनर्ड फेदर यांनी लायनेल हॅम्प्टनच्या वृंदात डबल बेस दिसत नसतानाही बेस ऐकू येत असल्याची नवलाई नोंदविली. त्या वृंदात प्रथम रॉय जॉन्सन व नंतर मंक माँगमरी (१९२१–८२) यांनी हे वाद्य वाजविले. माँगमरी मूळचा डबल बेसवादक; त्याने प्रारंभी ते नाखुशीनेच हाती घेतले, पण पुढे तोच त्याचा पहिला ख्यातनाम पुरस्कर्ता ठरला.

या वाद्यासाठी फेंडरने १९५२ मध्ये ‘बासमन’ हा विवर्धक काढला. त्यात ३८ सेंमी. (१५ इंच) व्यासाचा एकच स्पीकर होता व शक्ती सु. २५ वॉट होती. लहान खोलीत तो पुरे पडे. मोठ्या वृंदात त्याची दमछाक होई. पुढे त्याच्या जागी २५ सेंमी. (१० इंच) व्यासाचे चार स्पीकर आले व शक्ती ४० वॉटांच्या घरात गेली. परंतु पेटीची मागील बाजू उघडी राहिल्याने खर्ज आवाज विखुरला जाई. गिटारवादकांना मात्र हाच विवर्धक फार आवडला, कारण तो शक्तीबाहेर चढविला असता त्यातून निघणारा किंचित फाटका आवाज त्यांना हवासा वाटला. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल (१९२३–२०१२) व त्यांचे सहकारी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये याच मंडलाच्या आधाराने आपला पहिला विवर्धक बांधला. रॉक संगीतातील गिटारीचा गर्जणारा ध्वनी अशा रीतीने बेसवादकासाठी योजलेल्या आणि त्याच्या कामी पुरा न पडलेल्या यंत्रातून जन्मास आला.

इतर कारखान्यांनी लवकरच स्पर्धा सुरू केली. गिब्सनने १९५३ मध्ये व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला. त्याला उभे धरून वाजविण्यासाठी खुंटीही होती. जुन्या सवयीची ही तडजोड फार काळ टिकली नाही. जर्मनीतील हॉफनर कारखान्याचा ‘५००/१’ (१९५६) हाही व्हायोलिनच्या आकाराचा, पण पोकळ व आखूड दांडीचा होता. पॉल मॅकार्टनी यांनी तो १९६१ मध्ये हँबर्ग येथे विकत घेतला. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा आकार डावखुऱ्या वादकाला सोयीचा होता आणि किंमतही परवडणारी होती. हे वाद्य १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीस गेले. ते परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. रिकनबॅकरचा ‘४०००’ (१९५७) व फेंडरचाच अधिक निमुळत्या दांडीचा, दोन पिकअपांचा ‘जाझ बेस’ (१९६०) हे या काळातील अन्य महत्त्वाचे नमुने होत. प्रिसिजन बेसला १९५७ मध्ये दोन भागांत विभागलेला पिकअप मिळाला. त्यामुळे विजेची गुणगुण कमी झाली आणि वाद्याला आजही ओळखले जाणारे रूप प्राप्त झाले.

बेसला साजेसा विवर्धक प्रथम अँपेगनेच दिला. जेस ऑलिव्हर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या ‘बी-१५’ (१९६०) याची पेटी बंद घडणीची होती. विवर्धकाचा भाग वरच्या झाकणावर बसविलेला असून वाहतुकीच्या वेळी झाकण उलटे करून तो पेटीत ठेवता येई. सु. २५ वॉट शक्तीचा हा विवर्धक मोठ्याने बोलत नसे, पण त्याचा स्वर भरदार व गोल होता. हलला रॉक संगीताचा तिटकारा होता व विवर्धकातून विकृत ध्वनी निघणे हा त्याच्या दृष्टीने दोषच होता. या हट्टामुळेच बी-१५ चा आवाज इतका स्वच्छ राहिला असे म्हणता येईल.

डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीचा वादक जेम्स जेमरसन (१९३६–८३) याचे नाव याच विवर्धकाशी जोडले जाते, पण त्यात अर्धेच तथ्य आहे. क्लबमधील कार्यक्रमांत तो बी-१५ वापरी; ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र त्याचा १९६२ चा प्रिसिजन बेस बहुधा सरळ ध्वनिमिश्रण-फलकाला जोडला जाई. वेष्टनाच्या चपट्या पट्टीमुळे गुळगुळीत लागणाऱ्या जाड तारा तो वापरी व त्या सहसा बदलीत नसे. घोडीच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा दाबलेला असल्याने स्वर लवकर विझे. तारा पट्टीपासून उंच होत्या, आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी तो वापरी. ही सामग्री इतरांनी जशीच्या तशी जमविली, तरी तो आवाज निघाला नाही. डबल बेसवर घडलेला हात, जाझमधील स्वरसंगतीची जाण आणि तालाच्या मागेपुढे खेळण्याचे धैर्य यांचा त्यातील वाटा साधनांहून मोठा होता. त्या काळी मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. जेमरसनचे नाव १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या तबकडीवर प्रथम आले. जगभर ऐकल्या गेलेल्या या कलावंताची ओळख कित्येक वर्षे ‘मोटाउनचा बेस’ एवढीच राहिली.

लॉस अँजेल्सच्या स्टुडिओंतही हीच अनामिकता होती. तेथे १९६० नंतरच्या काही वर्षांत एकाच खर्जाच्या ओळीसाठी डबल बेस, फेंडर बेस व डॅनइलेक्ट्रोचा सहा तारांचा बेस अशी तीन वाद्ये एकत्र वाजविली जात. पहिल्याने खोली, दुसऱ्याने भरीवपणा व तिसऱ्याने आघाताची धार मिळे. कॅरल के या मूळच्या गिटारवादिकेने नखीने तारा छेडून व त्यांवर नमद्याचा तुकडा ठेवून तिन्ही गुण एकाच वाद्यातून काढले. स्वाभाविकच इतर दोन वादकांची गरज कमी झाली.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांतही असेच अनामिक वादक होते. चर्चशी निगडित शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांचा त्यांत मोठा भरणा होता. खर्जाची बाजू तेथेही प्रथम डबल बेसकडे होती. १९६० नंतर ती हळूहळू बेस गिटारीकडे आली. राहुलदेव बर्मन यांच्या वृंदातील टोनी वाझ यांचे नाव या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी वाद्य व विवर्धक मिळणे १९९१ पूर्वी कठीण होते. त्यामुळे पसंतीपेक्षा उपलब्धतेचा प्रश्न येथे अधिक तीव्र होता.

रॉक संगीताच्या कार्यक्रमांची सभागृहे मोठी होऊ लागली, तसा प्रश्न पुन्हा मूळपदावर आला. ‘द हू’ या ब्रिटिश वृंदातील जॉन एंटविसल (१९४४–२००२) याला खर्जाबरोबर पियानोसारखी झळाळीही हवी होती. त्याच्या सहकार्याने रोटोसाउंड या कंपनीने १९६६ मध्ये गोल तारेचे वेष्टन असलेल्या तारा काढल्या. त्यांतून संनादी स्वर विपुल निघतात, पण बोटे घासल्याचा आवाजही येतो. चपट्या व गोल वेष्टनाच्या तारांवरून वादकांमध्ये पडलेले तट तेव्हापासून कायम आहेत. हलने १९६७ मध्ये अँपेग विकून टाकल्यानंतर नव्या व्यवस्थापनाने १९६९ मध्ये ३०० वॉटांचा ‘एसव्हीटी’ बाजारात आणला. त्यात १४ निर्वात नलिका होत्या. विवर्धकाचेच वजन ४० किग्रॅ.च्या आसपास असून तो प्रत्येकी आठ स्पीकरांच्या दोन बंद पेट्या चालवी. रोलिंग स्टोन्सच्या त्याच वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यात त्याचे प्राथमिक नमुने वापरले गेले. मोठ्या व्यासाच्या एका स्पीकरऐवजी लहान व्यासाचे अनेक स्पीकर बंद पेटीत बसवून हवा हलविण्याचे काम त्यांच्यात वाटून देण्याचे तत्त्व त्यामुळे रूढ झाले. ॲकूस्टिक कंपनीच्या ‘३६०’ या ट्रँझिस्टरयुक्त विवर्धकाने याच सुमारास उलट तत्त्व स्वीकारले. त्यातील ४६ सेंमी. (१८ इंच) व्यासाच्या एकमेव स्पीकरचे तोंड मागील बाजूस होते. दूरवरच्या श्रोत्यांना आवाज उत्तम पोहोचे. शेजारी उभ्या वादकाला मात्र तो नीट ऐकू येत नसे.

याच विवर्धकातून जॅको पास्टोरियस (१९५१–८७) याने बिनपडद्यांच्या बेसचा गाता स्वर लोकप्रिय केला. आपल्या १९६२ च्या जाझ बेसच्या पट्टीवर त्याने होड्यांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी राळेचे लुकण चढविले होते. गोल वेष्टनाच्या तारांनी लाकूड झिजू नये हा त्याचा हेतू, आणि झळाळता, लांबणारा स्वर हे त्याचे फळ. कॅलिफोर्नियातील अलेंबिक व पुढे लिओ फेंडरचाच सहभाग असलेली म्यूझिक मॅन (‘स्टिंगरे’, १९७६) यांनी वाद्याच्या धडातच लहान विवर्धक-मंडल बसविले. गिटार व ॲम्प यांमधील सीमारेषा तेव्हापासून अस्पष्ट झाली. अँथनी जॅक्सन यांनी कार्ल टॉमसनकडून १९७५ च्या सुमारास सहा तारांचे वाद्य करवून घेतले. त्याची खालची बी तार दर सेकंदास सु. ३१ कंपनांची असल्याने स्पीकरांवरील भार आणखी वाढला.

एकविसाव्या शतकात स्विचिंग पद्धतीची मंडले व निओडिमियम चुंबकांचे स्पीकर यांमुळे ५०० वॉटांचा विवर्धक अवघ्या दोन-तीन किग्रॅ. वजनाचा झाला. मुंबईत जन्मलेल्या मोहिनी डे (ज. १९९६) यांच्यासारख्या देशोदेशी दौरे करणाऱ्या वादकांच्या पिढीला ओझ्याचा जुना प्रश्न पूर्वीइतका भेडसावत नाही. मोठ्या रंगमंचांवर बेसचा संदेश बहुधा सरळ सभागृहाच्या ध्वनियंत्रणेकडे जातो आणि वादकाला आपला आवाज कानातील लहान श्रवणकातून ऐकू येतो. असे असूनही या हलक्या उपकरणांत व संगणकीय प्रणालींत ज्यांच्या आवाजाचे अनुकरण प्राधान्याने भरलेले असते, ते विवर्धक बी-१५ व एसव्हीटी हेच होत. आणि घोडीजवळ दाबून बसविण्याचे स्पंजाचे तुकडे आता वाद्यांच्या दुकानांत तयार विकत मिळतात.