दोघांचा विनोद : ओसाका, सौंसर आणि आपण

जपानमधल्या शाळांत वर्षातून एकदा सांस्कृतिक महोत्सव भरतो. त्याला तिथे 'बुन्कासाई' म्हणतात. पुष्कळ शाळा तो ३ नोव्हेंबरच्या संस्कृती दिनाच्या आगेमागे करतात. आपल्या स्नेहसंमेलनाचाच हा भाऊ. वर्गावर्गांतून खाण्याचे स्टॉल, नाटक, गाणी. आणि मंचावर अनेकदा एक जोडीही येते. दोन मुले एकाच मायक्रोफोनसमोर उभी राहतात. एक जण वेड्यासारखे काहीबाही बोलतो, दुसरा त्याला पदोपदी टोकतो. कधी कागदाच्या घडीच्या पंख्याने डोक्यात टपलीही मारतो. टीव्हीवरच्या आवडत्या विनोदी जोडीची ही नक्कल असते. या प्रकाराला 'मान्झाई' म्हणतात. वेड्याचे सोंग घेणारा तो 'बोके' आणि टोकणारा तो 'त्सुक्कोमी'. आपल्याला बोका आठवेल, पण मांजराशी याचा काही संबंध नाही.

मान्झाईचे मूळ फार जुने आहे. पूर्वी नवीन वर्षाच्या सुमारास दोघे जण दारोदार फिरत आणि घराला आशीर्वाद देत. हातात पंखा घेतलेला तायू गंभीरपणे मंगलवचने म्हणे आणि छोटा ढोल वाजवणारा साइझो मधे मधे गंमत करी. आपल्याकडे शिगम्यात मेळ दारात येतो किंवा देशावर भल्या पहाटे वासुदेव येतो, त्याच जातीची ही परंपरा. पुढे हे कलावंत शहरांच्या नाट्यगृहांत शिरले. १९१२ साली ओसाका शहरात योशिमोतो नावाच्या पतीपत्नींनी करमणुकीचा धंदा सुरू केला, आणि आज ती जपानमधली विनोदाची सर्वांत मोठी कंपनी आहे. १९३० मध्ये एन्तात्सू आणि आचाको ही जोडी जमली. त्यांनी ढोल आणि पंखा बाजूला ठेवला, सूट चढवला आणि नुसत्या गप्पा मारायला सुरुवात केली. वासेदा आणि केइओ या दोन विद्यापीठांमधल्या बेसबॉल सामन्यावरचा त्यांचा संवाद गाजला, तो रेडिओमुळे घरोघर पोचला. १९८० च्या आसपास टीव्हीने मान्झाईची लाट आणली. २००१ पासून 'एम-वन' नावाची मोठी स्पर्धा सुरू झाली. मधली चार वर्षे ती बंद होती, २०१५ पासून पुन्हा भरते.

मला या इतिहासात महत्त्वाची वाटते ती भाषेची गोष्ट. जपानी शाळा तोक्योची प्रमाणभाषा शिकवतात. एके काळी ओकिनावासारख्या भागांत बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवत. ओसाकाची बोली मात्र मान्झाईच्या पाठीवर बसून देशभर गेली. आज दूरच्या प्रांतातली मुलेसुद्धा विनोद करताना ओसाकाचा हेल काढतात. पाठ्यपुस्तकाने दिली नसती ती प्रतिष्ठा त्या बोलीला हसण्याने मिळवून दिली.

गोव्याच्या वाचकाला हे नवीन वाटू नये. आपल्या दशावतारी काल्यात देव आणि राजे प्रमाण मराठीत बोलतात. मग संकासुर येतो. तो गावच्या बोलीत सुरू होतो, सूत्रधार त्याला प्रश्न विचारतो, तो भलतीच उत्तरे देतो आणि झोपेला आलेली मुले खडबडून जागी होतात. सूत्रधार म्हणजे त्सुक्कोमी आणि संकासुर म्हणजे बोके, असे म्हटले तर चुकणार नाही. तमाशातली बतावणी घ्या, नागपूर-भंडारा भागातली खडी गंमत घ्या, सगळीकडे हेच दोघे भेटतात. एक जण कायद्याने बोलणारा, दुसरा कायदा न कळणारा. आणि कायदा न कळणारा बहुधा आपल्या बोलीत बोलतो.

हे सगळे मनात घोळायला लागले ते सौंसरमुळे. माझ्या मावसबहिणीचे सासर नागपूरचे. तिच्या नात्यातल्या एका लग्नासाठी मी सौंसरला गेलो होतो. दुकानांच्या पाट्या हिंदी, तहसीलच्या भिंतीवरच्या सूचना हिंदी, आणि त्या पाट्यांखाली उभी असलेली माणसे मराठीत भांडत होती, तीही अस्सल नागपुरी मराठीत.

सौंसर आणि पांढुर्णा हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे इथल्या माणसाचे कोर्ट, कॉलेज, बाजार आणि सोयरीक सगळे नागपूरकडे. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. नागपूर आणि विदर्भाचे इतर मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. पुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हेच एकक धरले होते. छिंदवाडा हा जिल्हा म्हणून हिंदी भाषक ठरला, आणि त्याच्या दक्षिणेकडचे हे मराठी तालुके त्याच्यासोबत मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर दोन्ही आले. जिल्हा नवा झाला, कारभाराची भाषा तीच राहिली.

बाहेर पांढुर्ण्याचे नाव निघते ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. पण पोळ्याला दगडांखेरीज शब्दही फेकले जातात. विदर्भात बैल तोरणाखाली उभे राहिले की शेतकरी झडत्या म्हणतात. सावकार, पुढारी, सरकार, कोणालाही त्यात सोडत नाहीत. एकाने झडती टाकायची, दुसऱ्याने तिला वरचढ उत्तर द्यायचे. इथेही पुन्हा दोघेच.

लग्नघरात दोन शाळकरी मुले होती. मोबाइलवर जपानी जोड्यांचे विनोद पाहून त्यांनी वर्तमानपत्राचा पंखा केला होता आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक संवाद बसवला होता. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून संवादही हिंदीत. एक बँकेतला साहेब, दुसरा खाते उघडायला आलेला शेतकरी. मोठ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मग घरातल्या आजी म्हणाल्या, "आता आपल्या भाषेत करा न बाबू." मुलांनी तोच संवाद पुन्हा केला.

"कुठे राहता?"

"सौंसरले राहून राहिलो जी."

"राहून राहिलो? म्हणजे दोनदा राहता?"

"हो जी. एकदा तुमच्या कागदात, एकदा आमच्या घरात."

पंख्याचा फटका बसायच्या आधीच अंगण हसायला लागले. 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' ही नागपुरी मराठीची रोजची क्रियापदे. हिंदी रूपात ती जागाच नव्हती, त्यामुळे हा विनोद तिथे जन्मालाच आला नसता. मी सरकारी कारकून आहे. पत्त्याच्या रकान्यात माणसाला एकदाच राहू द्यावे लागते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी जरा जास्तच हसलो असेन.

मी मुलांना विचारले, स्नेहसंमेलनात हाच संवाद का करत नाही? "तिथे चालेल का, माहीत नाही," एवढेच ते म्हणाले. कोणी मनाई केली नव्हती. विचारायचे त्यांच्या मनातच आले नव्हते.

आपणही या अनुभवापासून फार लांब नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, त्यानंतरचे वाद, हे सगळे आपण पाहिले किंवा घरात ऐकले आहे. भाषेसाठी आपण निवेदने दिली, सभा घेतल्या, आणि ते करायलाच हवे होते. पण आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये मुले कोणत्या भाषेत विनोद करतात, याकडे आपले लक्ष कमी गेले. मी पाहिलेल्या बहुतेक कार्यक्रमांत टीव्हीवरच्या हिंदी कार्यक्रमांची नक्कल असते. नक्कल करायला हरकत नाही, सौंसरच्या मुलांनीही जपानची नक्कलच केली. त्यांनी साचा ओसाकाचा घेतला आणि बोली घरची भरली. भाषण पाठ करून म्हणता येते. विनोदाला मात्र ती भाषा रोजच्या वापरातली लागते, ऐकणाऱ्याच्याही आणि बोलणाऱ्याच्याही.

डिसेंबर आला की शाळांतून स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. पाच मिनिटांचा एक संवाद, दोन मुले, एक मायक्रोफोन आणि जुन्या वर्तमानपत्राचा पंखा, एवढाच खर्च आहे. फक्त संहिता तुम्ही लिहून देऊ नका. मुलांना घरी पाठवा आणि आजी-आजोबा कशाला हसतात ते ऐकून यायला सांगा.