बोटावरचा आकडा आला कुठून?

आज मी ज्या यंत्राचा इतिहास सांगणार आहे, ते तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. कपाटात असेल, औषधांच्या डब्यात असेल, सेल संपलेले असतील. पण २०२०-२१ मध्ये आपण सगळ्यांनी ते बोटाला लावलंय. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी येणाऱ्या पथकांकडे तापमापकाबरोबर हेच यंत्र असायचं, पल्स ऑक्सिमीटर. ९४ हा आकडा तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता.

त्याच काळात अनेक नातेवाइकांनी एक प्रश्न विचारला. बोटावर आकडा दिसतोय, मग अतिदक्षता विभागात माणसाच्या मनगटात पुन्हा पुन्हा सुई का खुपसतात? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आपण जरा मागे जाऊ.

आकडा नव्हता तेव्हा डॉक्टर काय करायचे? रंग बघायचे. ओठ निळे, नखं निळी म्हणजे ऑक्सिजन कमी. शेकडो वर्षं हेच चाललं. १९४७ मध्ये अमेरिकेत कॉम्रो आणि बोटेल्हो या दोघांनी ही नजर तपासून बघितली. निरोगी माणसांच्या रक्तातला ऑक्सिजन मुद्दाम कमी केला आणि निरीक्षकांना विचारलं, निळेपणा कधी दिसतो? बहुतेकांना तो साधारण ८० टक्क्यांपर्यंत खाली आल्याशिवाय नक्की सांगता येईना. काहींना तर त्याच्याही खाली दिसेना. म्हणजे नजरेवर विसंबून राहायचं, तर धोका कळेपर्यंत उशीर झालेला असायचा.

आता १९५२ सालच्या कोपनहेगनला चला. शहरात पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात काही दिवस तर रोज ५० रुग्ण येत होते. ज्यांच्या श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडले, त्यांच्यासाठी यंत्रं किती? एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर बसवायची सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं होतं. डॉक्टरांची समजूत अशी, की रक्त अल्कधर्मी झालंय. तेव्हा बियोर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. तो म्हणाला, नाही, ही माणसं श्वास पुरेसा सोडू शकत नाहीत, कार्बन डायऑक्साइड आत साचतोय, रक्त आम्ल होतंय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. प्रयोगशाळेत पौल आस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता मोजून इब्सेनचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं. मग सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले आणि महिनोन्महिने हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

इथला धडा नीट लक्षात घ्या. माणसाला ऑक्सिजन दिला की त्याचे ओठ गुलाबी होतात. पण श्वास उथळ असेल, तर गुलाबी दिसणारा तोच माणूस साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने मरू शकतो. बोटावरच्या यंत्राला हा वायू दिसतच नाही. मनगटातल्या सुईचं पहिलं कारण हे.

रक्त काढून मोजायचं, तर तेही पूर्वी किचकट काम होतं. एकेका नमुन्यामागे कुशल माणसाचा बराच वेळ जायचा. १९५४ मध्ये लेलँड क्लार्क यांनी प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चढवला आणि ऑक्सिजनचा दाब थेट मोजता येऊ लागला. पुढच्या चार-पाच वर्षांत जॉन सेव्हरिंगहाउस यांनी ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता मोजणारे तिन्ही इलेक्ट्रोड एका यंत्रात आणले. आजच्या ‘एबीजी’ तपासणीचं मूळ तिथे आहे. पण नमुना म्हणजे एका क्षणाचा फोटो. दहा मिनिटांनी काय झालं, ते तो सांगत नाही.

सतत बघायचं, तर रक्त न काढता बघायला हवं. ऑक्सिजनने भरलेलं रक्त लालभडक, रिकामं रक्त काळपट. हा फरक प्रकाशाने मोजायचे प्रयत्न जर्मनीत १९३०च्या दशकात झाले. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणारे वैमानिक बेशुद्ध पडत, म्हणून ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीला लावायचं यंत्र बनवलं. ‘ऑक्सिमीटर’ हे नाव त्यांचंच. अडचण एकच होती. प्रकाश कातडीतून, मांसातून, शिरांतल्या रक्तातूनही जातो. मग धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं?

ही गाठ सोडवली जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी. १९७२च्या सुमारास ते निहॉन कोहडेन कंपनीत वेगळ्याच कामावर होते. रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त ढकलतं, ते कानावरून मोजायचं होतं. आलेखात नाडीचे ठोके लुडबुड करत होते. ते पुसायला त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरला. लुडबुड पुसली गेली, पण ऑक्सिजन कमी झाला की ती परत दिसायची. दुसरा कोणी वैतागला असता. आओयागींच्या लक्षात आलं, की नाडीबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त. म्हणजे ही लुडबुड हेच मोजमाप! १९७४ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. कंपनीने पुढे फारसं लक्ष दिलं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी यंत्र सुटसुटीत केलं, ऑक्सिजन उतरला की आवाजाची पट्टी उतरते ही सोय दिली, आणि ते शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात पोचलं. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी गेले. त्यांचं यंत्र जगभर दुकानांत मिळेनासं झालं होतं, नेमका तोच काळ.

आता तो ९४. हिमोग्लोबिनचा आलेख सह्याद्रीसारखा समजा. देशावरून पश्चिमेला चालत निघालात, तर बराच वेळ सपाटी लागते. ऑक्सिजनचा दाब १०० वरून ७० पर्यंत उतरला, तरी बोटावरचा आकडा ९८ वरून ९४ एवढाच येतो. ९० ला तुम्ही कड्यावर उभे असता, दाब साधारण ६०. त्यापुढे घाट. म्हणून ९४ ला सावध व्हायचं.

पण तो ९४ खरा आहे का? मनगटातल्या सुईचं दुसरं कारण हे. हात गार असतील, रक्तदाब पडला असेल, तर बोटात नाडीच लागत नाही आणि आकडा भरकटतो. शिवाय यंत्राला आकडा शिकवला कोणी? निरोगी स्वयंसेवकांच्या बोटांनी, आणि ती बरीचशी गोऱ्या लोकांची होती. जुब्रान आणि टोबिन यांनी १९९० मध्येच दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या गोऱ्या रुग्णात ९२ वर निर्धास्त राहता येत असेल, तर कृष्णवर्णीय रुग्णात ९५ लागतो. तीस वर्षं हे छापील कागदावर पडून होतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. बोटावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी, असे गोरे रुग्ण ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीय ११.७ टक्के.

आपण सावळी माणसं. खाट कोणाला, ऑक्सिजन कोणाला, हे ज्या दिवसांत या आकड्यावर ठरत होतं, ते दिवस आठवा. या यंत्राने असंख्य जीव वाचवले, हे मी स्वच्छ सांगतो. ते फेकून द्या, असं कोणीही म्हणणार नाही. पण एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे चाललाय ते बघा. काल ९७ आणि आज ९४ असेल, तर ९४ चांगला म्हणून बसू नका. बोट गरम करा, नेलपॉलिश काढा, मिनिटभर थांबा. आणि आकडा चांगला असूनही समोरच्याला धाप लागत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा आणि दवाखाना गाठा. तिथे मनगटातून रक्त काढतील, तेव्हा का काढतात हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.